अळीला सवय होत नसते

दुकानाच्या गल्ल्याखालच्या दुसऱ्या खणात, चिलेटेड झिंकच्या पुड्यांमागे, दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या असतात. दोन्हींवरची लेबलं ब्लेडनं खरवडलेली. रात्री साडेनऊच्या सुमारास दादा जेवून येतो. शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, तो वाकून आत शिरतो, खण उघडतो, गोळ्या तोंडात टाकतो, माठातलं पाणी पितो आणि मग दहा मिनिटं डीएपी खताच्या गोणीवर बसून राहतो. गावाला वाटतं, दोघे भाऊ दिवसाचा हिशेब करतात.

दादाला एचआयव्ही आहे. २००९ साली कळलं. वहिनीलाही आहे. पुतणीला नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही आणि आता पंचाहत्तरीत तिला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. हे लिहायला दादा-वहिनी दोघांनी हो म्हटलं, फक्त गावाचं नाव नको म्हणाले. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं हिंगणघाट सोडलं की पांढरकवड्यापर्यंत दोन्ही बाजूंना जी गावं आत दडलेली आहेत, त्यातलं एक समजा.

मी डॉक्टर नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. केलं आणि गावात येऊन कृषी केंद्र टाकलं. बियाणं, खत, फवारणीचं औषध. त्यामुळे 'औषध आता लागू पडत नाही' हे वाक्य मी दर हंगामात शंभरदा ऐकतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "अळीले सवय झाली ना भाऊ." मागच्या पोळ्याला नात्यातल्या एका शिकलेल्या पोरानं दादाच्या गोळ्यांबद्दल हेच ऐकवलं. रोज रोज खाल्ल्या की अंगाला सवय होते म्हणे, म्हणून मधेमधे थांबावं. मी तेव्हा ताटावर होतो, काही बोललो नाही. आज बोलतो.

सवय ना अळीला होते, ना विषाणूला. चहाची सवय माणसाला होते. एकच जीव, तोच, हळूहळू सरावतो, त्याला सवय म्हणायचं. औषधाच्या बाबतीत घडतं ते वेगळंच. लाखातली एखादी अळी जन्मतःच अशी असते की त्या औषधानं ती मरत नाही. बाकीच्या मेल्या की वावर तिचं. मग तिचीच पिलावळ. आपण म्हणतो अळी बदलली. अळी नाही बदलली, पिढी बदलली.

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पण समजलं ते दादाच्या आजारपणात आणि २०१७ च्या हंगामात, असं दोन हप्त्यांत.

दादा तेव्हा ट्रक चालवायचा. कापसाच्या गाठी, संत्री, सिमेंट, जे भाडं मिळेल ते. २००९ च्या उन्हाळ्यात खोकला धरला, वजन पंधरा किलो उतरलं. टीबी निघाला, आणि टीबीसोबत ते. जिल्ह्याच्या गावी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात, नाव लागलं. सरकारी दवाखान्यात या गोळ्या १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळायला लागल्या होत्या, नाहीतर आमच्या पाच एकरात ते बसणारं नव्हतं. त्याच्या तीनच वर्षं आधी, २००१ मध्ये, सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसूफ हमीदांनी तीन औषधांचं वर्षाचं पॅकेज ३५० डॉलरला देऊ केलं तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना एरवीही सांगतो, भावाचा विषय निघाला की.

सुरुवातीला टीबीच्या गोळ्यांसोबत एफाव्हिरेन्झ होतं. टीबी संपल्यावर झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन, तिन्ही मिळून एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. महिन्याच्या साठ. असं मधेच का बदललं, हे दादानं विचारलं नाही, मी विचारलं. टीबीचं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं, यकृत मग नेव्हिरापिन भराभर संपवून टाकतं, म्हणून तेवढे महिने दुसरं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

तर ही तीन औषधं करतात काय?

आपल्या पेशीतली मूळ नोंदवही डीएनएची. तिच्यावरून आरएनएच्या चिठ्ठ्या निघतात आणि त्या चिठ्ठ्यांवरून पेशी काम करते. एचआयव्ही स्वतः चिठ्ठीच्याच रूपात येतो, आरएनएच्या. आणि उलटा कारभार करतो. चिठ्ठीवरून वही लिहून काढतो. हे उलटं लिहिणारं एन्झाइम म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते वेगवेगळं काम करून एकाच वेळी दाखवलं आणि १९७५ मध्ये नोबेल मिळवलं. तेव्हा एचआयव्हीचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, ते कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या कॅन्सरचे विषाणू अभ्यासत होते.

हे एन्झाइम एकेक कडी जोडत साखळी वाढवतं. झिडोव्हुडिन ही खोटी कडी आहे. दिसायला खऱ्या थायमिडिनसारखी, पण पुढची कडी जिथं अडकायची तो आकडाच नाही. एन्झाइम ती फसून जोडतं आणि साखळी तिथंच खुंटते. जेरोम हॉर्विट्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६४ मध्ये हे कॅन्सरसाठी बनवलं होतं. चाललं नाही, फडताळात गेलं, आणि १९८७ मध्ये एचआयव्हीचं पहिलं मान्यताप्राप्त औषध म्हणून बाहेर आलं. लॅमिव्हुडिनही त्याच जातीचं, खोटी कडी.

नेव्हिरापिन मात्र वेगळं. ते साखळीत जातच नाही. एन्झाइमच्या अंगाला, काम चालतं त्या जागेच्या जवळच, एक खोबण आहे. नेव्हिरापिन त्या खोबणीत पाचरीसारखं बसतं आणि यंत्र आखडतं. आपण पाचर मारणं म्हणतो ते अगदी शब्दशः. एफाव्हिरेन्झ तिथंच बसतं.

पाचरीची गंमत अशी की खोबण किंचित बदलली की तीच पाचर बसत नाही. या एन्झाइमचा मोठा भाग म्हणजे ५६० अमिनो आम्लांची माळ. त्यातला १०३ वा मणी लायसिन असतो. तो बदलून ॲस्पॅराजिन झाला की खोबणीचं तोंड मिटलेलं राहतं. नेव्हिरापिन बाहेर, एफाव्हिरेन्झही बाहेर. एका मण्याच्या बदलानं दोन औषधं बाद. आणि तो मणी बदलायला विषाणूच्या लेखी एक अक्षर चुकावं लागतं, फक्त एक.

अक्षरं चुकण्यात तर हा विषाणू पटाईत. त्याची सगळी पोथी साधारण ९,७०० अक्षरांची. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज लिहितं भराभर, पण लिहिलेलं तपासून पाहत नाही. सरासरी दर तीन-चार प्रतींमागे एक चूक. आणि औषध न घेणाऱ्या माणसाच्या अंगात दिवसाला विषाणूचे हजार कोटी कण तयार होतात. गुणाकार करा. एका अक्षरानं होऊ शकणारी प्रत्येक चूक त्या अंगात रोज होऊन जाते. म्हणजे नेव्हिरापिनला न जुमानणारा विषाणू नेव्हिरापिन तोंडात पडायच्या आधीच तिथं असतो. दादा पहिल्या दिवशी केंद्रात बाकावर बसला होता तेव्हाच तो त्याच्या रक्तात होता. थोडा, पण होता.

म्हणून तीन औषधं. पहिल्याला चुकवणारा दुसऱ्यात मरतो, दुसऱ्याला चुकवणारा तिसऱ्यात. तिघांनाही एकदम चुकवायचं तर नेमक्या हव्या त्याच चुका एकाच प्रतीत जुळून याव्या लागतात, आणि ते होण्याआधीच विषाणूची पैदास बंद पडलेली असते. पैदास नाही तर नवी चूकही नाही. हे डॉक्टर लोकांनाही लगेच उमगलं नव्हतं. झिडोव्हुडिन एकटं दिलं, काही महिन्यांत ते निकामी. मग त्याला दुसरं जोडलं, तेही निकामी. १९९६ च्या सुमारास तीन औषधं पहिल्याच दिवसापासून एकदम द्यायला लागले, तेव्हा मरणारी माणसं उठून बसली.

आता बोंडअळीकडे येतो. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस २००२ मध्ये आला, एका जनुकाचा. २००६ मध्ये दोन जनुकांचा आला. पण पहिलं जनुक तेव्हा वावरात चार वर्षं उघडं होतंच. अळीला एकेक करून शिकवल्यासारखं झालं. एकामागून एक, तीच चूक. दवाखान्यात ती चूक सुधारली, आमच्याकडे तिची नवीन वाण म्हणून दुप्पट जाहिरात झाली. मीही पोस्टर लावले.

तर दादा. २०१२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. वजन भरलं होतं, ट्रक पुन्हा सुरू होता. दर महिन्याला केंद्रात जायचा, डबी दाखवायचा, तिथल्या ताई उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि शाबासकी द्यायच्या. साठात तीनपेक्षा जास्त चुकल्या तर बोलणी, असा हिशेब. दादाला कधीच बोलणी बसली नाहीत.

एका रात्री दुकानामागे टॉर्च घेऊन गेलो. तिथं मी तेव्हा रिकाम्या बाटल्या साठवून ठेवायचो, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असल्या. त्या ढिगात पांढऱ्या गोळ्या दिसल्या, वीस-पंचवीस. काही दवानं भिजून फुगलेल्या. आमच्याकडे 'अमक्यानं औषध घेतलं' असं कुणी म्हणालं की माणसं गाडी काढून धावत सुटतात. त्यामुळे बाटल्यांच्या ढिगाशी दादा येऊन गेलाय, एवढं डोक्यात आलं आणि माझे पाय गळाले. पळत घरी गेलो. दादा टीव्ही बघत होता.

दुसऱ्या दिवशी वावरात नेऊन विचारलं.

"फेकल्या," तो म्हणाला. "मोजतेत ना तिथं. जास्त उरल्या तं कल्ला करतेत."

"पण घेतल्या काऊन नाई?"

"गाडीवर क्लिनर राहते बाजूले. ढाब्यावर चार जण राहतेत. कोठी घेऊ? घरी आलो का घेतो ना. मले काई झालं का?"

काही झालं नव्हतं, हे खरं. घरी चार दिवस नियमानं, रस्त्यावर सहा दिवस काहीच नाही. हे असं दीड वर्ष. आणि प्रतिरोधाच्या, म्हणजे विषाणू औषधाला न जुमानण्याच्या, हिशेबानं यापेक्षा वाईट पद्धत कुणी ठरवूनही काढली नसती. कारण तिन्ही औषधं अंगातून एका वेळी बाहेर पडत नाहीत. झिडोव्हुडिन काही तासांत संपतं. नेव्हिरापिन निम्मं व्हायलाच दिवसाहून जास्त लागतो, ते पुढं कित्येक दिवस रेंगाळतं. रानडुकरांच्या जागलीला तिघं बसले होते, दोघं उठून घरी गेले, तिसरा एकटाच मचाणावर. दादाची गाडी अदिलाबादच्या पुढं गेली की अंगात नेव्हिरापिन एकटं उरायचं, आणि तेही रोज थोडं उतरत. खोबण मिटलेला विषाणू याच दिवसांची वाट बघत असतो. बाकीचे दबलेले, हा मोकळा.

२०१४ मध्ये ताप सुरू झाला. रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी घसरल्या. नागपूरला पाठवलं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते, काढला, एका मिलिलिटरमध्ये एक लाख चाळीस हजार. तिथं एका माणसानं दादाला सगळ्यांसमोर झापलं, "फुकट मिळतं म्हणून किंमत नाही तुम्हा लोकांना." दादा खाली बघत राहिला. मी बोलायला हवं होतं. किंमत नाही म्हणून नाही, जागा नाही म्हणून फेकल्या, हे तेव्हा सुचलं नाही. परत आल्यावर मी गल्ल्याखालचा खण रिकामा केला. दादानंही ट्रक सोडला. आता जिनिंगमध्ये काट्यावर असतो.

त्याची औषधं बदलली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि ॲटाझानाव्हिर, सोबत थोडं रिटोनाव्हिर. यादीत लॅमिव्हुडिन बघून दादा म्हणाला, "हे तं जुनंच हाय. हे चालत नाई म्हणते अन् हेच देऊन राहिले?"

शंका बरोबर होती. लॅमिव्हुडिनला चुकवायलाही एकच बदल पुरतो, १८४ वा मणी मेथिओनिनचा व्हॅलिन होतो. दीड वर्षाच्या धरसोडीत तो होऊन गेला असणार असं धरूनच डॉक्टर चालतात. पण हा बदल करून विषाणू लंगडा होतो. त्याचं लिहिणं मंदावतं, आणि टेनोफोव्हिरला तो जास्त बळी पडतो. लॅमिव्हुडिन बंद केलं तर लंगडं राहायचं त्याला कारण उरत नाही. म्हणून ते चालू ठेवायचं, मारायला नाही तर लंगडा ठेवायला. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो. इतकी कावेबाज युक्ती माझ्या धंद्यात मी पाहिली नाही.

ॲटाझानाव्हिर तिसऱ्याच ठिकाणी काम करतं. पेशीतून नवा विषाणू बाहेर पडतो तेव्हा त्याची प्रथिनं एका लांबलचक धांड्यासारखी अखंड असतात. त्याचे नेमके तुकडे करायला प्रोटिएज नावाचं एन्झाइम लागतं, आपली कडबा-कुट्टीच. ॲटाझानाव्हिर धांड्यासारखं दिसतं, पात्यात शिरतं आणि कापलं जात नाही. कुट्टी अडकते, बाहेर पडणारा विषाणू कच्चाच राहतो, त्याची लागण होत नाही. या जातीचं पहिलं औषध, साक्विनाव्हिर, १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालं होतं.

आणि रिटोनाव्हिर कशाला? तेही मुळात प्रोटिएज अडवणारंच, पण एवढ्याशा मात्रेत त्याचं काम यकृताला आवरायचं. यकृतातलं सायटोक्रोम पी-४५० जातीचं एन्झाइम ॲटाझानाव्हिर फोडून टाकतं, रिटोनाव्हिर त्या एन्झाइमला धरून ठेवतं. कीटकनाशकवाल्यांना यात नवल वाटू नये. पायरेथ्रॉइड जातीच्या कीटकनाशकात पायपेरोनिल ब्युटॉक्साइड घालतात ते याचसाठी. ते स्वतः किडीला फारसं मारत नाही, किडीच्या अंगातलं पी-४५० अडवतं. युक्ती एकच, एकीकडे डास आणि एकीकडे दादा.

या गोळीचा एक तमाशा झाला. महिनाभरात दादाचे डोळे पिवळे झाले. आईनं बघितलं आणि त्याला धरून शेजारच्या गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं मुळ्यांची माळ गळ्यात घातली. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ बेंबीपर्यंत आली, डोळे पिवळेच. आई काळजीनं खंगली. केंद्रातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, यकृत ठणठणीत आहे. बिलिरुबिन मार्गी लावणारं एक एन्झाइम ॲटाझानाव्हिरमुळे थोडं अडतं, एवढंच. त्रास काही नाही. तेव्हापासून मी रोज ट्यूबलाइटखाली दादाचे डोळे बघतो. जरा पिवळट दिसले की मला बरं वाटतं. आईला अजून वाटतं, त्या माणसानं माळ चुकीच्या वारी घातली.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड चारशेच्या खाली आला. आता दर वर्षी कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतं, म्हणजे तपासणीत विषाणू सापडला नाही. दादा तो कागद घडी करून पाकिटात ठेवतो, सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा.

सातबाऱ्यावरून वहिनीची गोष्ट. तिच्या सीडी४ पेशी सुरुवातीला चांगल्या होत्या आणि तेव्हाच्या नियमात त्या अमुक आकड्याखाली उतरेपर्यंत थांबवायचे, म्हणून तिच्या गोळ्या २०१४ ला सुरू झाल्या. (२०१७ पासून तो आकडाच काढून टाकला, कळलं की लगेच सुरू.) तिला टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एफाव्हिरेन्झ. एफाव्हिरेन्झनं तिला भलती स्वप्नं पडायची. तिची मेलेली म्हैस अंगणात येऊन बोलायची. काय बोलायची ते ती सांगत नाही. पण एक गोळी तिनं चुकवली नाही. तिची डबी तांदळाच्या पिपात तळाशी असायची, अजून असते. रोज भाताला हात घालायचा तो तिचाच, त्यामुळे खणाची गरज तिला पडली नाही.

२०२१ मध्ये तिचं एफाव्हिरेन्झ जाऊन डोल्युटेग्राव्हिर आलं. एफाव्हिरेन्झ-नेव्हिरापिनला न जुमानणारा विषाणू जगात बऱ्याच ठिकाणी इतका पसरला होता की नवीन लागण होतानाच लोकांना तो मिळायला लागला. डोल्युटेग्राव्हिर अडवतं इंटिग्रेजला. विषाणूनं लिहिलेली डीएनएची प्रत आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये नेऊन चिकटवणारं हे एन्झाइम, म्हणजे थेट सातबाऱ्यावर नाव चढवणारा. आणि हा फेरफार एकदा मंजूर झाला की कोणत्याच कोर्टात रद्द होत नाही. पेशी जगेल तोवर विषाणूचं नाव तिच्या उताऱ्यावर. काही पेशी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात, म्हणून तर गोळ्या जन्मभर. बोंडअळी नाही का, पऱ्हाटीच्या ढिगात, किडक्या बोंडात, उन्हाळाभर निपचित पडून राहते आणि पाऊस पडला की उठते? औषध झोपलेल्याला लागत नाही. आणि प्रतिरोधक विषाणूही त्या पेशींत असाच जमा होऊन राहतो. दादाचं नेव्हिरापिन गेलं ते कायमचंच गेलं.

इंटिग्रेजच्या पात्याशी मॅग्नेशियमचे दोन आयन असतात. डोल्युटेग्राव्हिर ते चिमट्यात धरतं आणि सोडत नाही. धातूला चिमट्यात धरणं म्हणजे चिलेशन, माझ्या दुकानातल्या चिलेटेड झिंकचं तेच तत्त्व. एकदा आशाताईंनी गावातल्या सगळ्या बायांना रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या वाटल्या. वहिनी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या एकत्र घेऊ लागली. मला कळलं तेव्हा मी घाबरलो, कारण चिमट्याला पोटातच लोखंड सापडलं तर तो तिथंच मिटतो, औषध रक्तात पुरतं उतरत नाही. केंद्रात विचारलं. जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात. उपाशीपोटी असेल तर ही गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियमचंही तसंच. आता ती लोहाची गोळी दुपारी वावरात शिदोरीसोबत खाते, ही रात्री.

२०१७ राहिलं. त्या साली गुलाबी बोंडअळीनं दोन जनुकांचा कापूसही फोडला. अळी बोंडाच्या आत, फवारा बाहेर, तिला काय लागणार? पण लोक म्हणाले जहाल दे, आणि मी जहाल दिलं. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली. आमच्या गावात कुणी गेलं नाही. हे मी दर वेळी आधी सांगतो, असं बायको म्हणते.

साडेचारशे ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची, धुऱ्याकडून, म्हणजे बांधालगत, लावायला. बहुतेकांनी ती फेकली. मीही 'लावा बरं' एवढंच पुटपुटायचो. त्या पुडीचा अर्थ असा होता की थोडी जागा अळीला सोडा, साध्या अळ्या जगू द्या. म्हणजे प्रतिरोधक पतंग झालाच तर त्याला जोडीदार साधाच मिळेल, आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतील.

नात्यातला तो पोरगा 'मधेमधे थांबावं' म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा हीच पुडी आली होती, खोटं कशाला सांगू. विषाणूलाही थोडी जागा सोडली तर? रात्रभर त्यावर विचार केला. नाही जमत. अळीला जोडीदार लागतो, विषाणूला नाही. साधा विषाणू जगवून प्रतिरोधक विषाणू पातळ होत नाही, दोघं आपापलं लिहीत बसतात. आणि लिहिणं चालू म्हणजे चुका चालू. वावरात जी पुडी लावायची ती अंगात लावायची नसते. दादाच्या रस्त्यावरच्या सहा-सहा दिवसांनी तेच केलं होतं, धुऱ्याकडून नाही तर वावराच्या मधोमध.

काल रात्री हे सगळं दादाला वाचून दाखवलं. तो गोणीवर बसून ऐकत होता. ढिगातल्या गोळ्यांचं आलं तेव्हा त्यानं मान खाली घातली, पण काढ म्हणाला नाही. शेवटी बराच वेळ गप्प.

"म्हंजे मी वावर?"

"हाव."

"अन् अळी ते आतलं."

"हाव."

तो उठला, माठावर झाकणी ठेवली, शटरखालून वाकता वाकता म्हणाला, "मंग तुया वहिनीचं वावर मायापेक्षा साफ हाय. निंदण ते येळेवर करते."